नऊ दिवसांची नोंद

आमचे घरमालक सध्या न्यूझीलंडमध्ये असतात. तिथल्या सरकारला त्यांनी आजवर किती पत्रं लिहिली असतील याचा विचार आला की मला त्या सरकारची काळजी वाटते. पण मुद्दा तो नाही. तिकडं जाण्यासाठी त्यांना पोलिसांचा एक दाखला लागला. या माणसाविरुद्ध आमच्या दप्तरी काहीही नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं. लोक तो मिळवण्यासाठी हेलपाटे घालतात आणि मिळाला की पेढे वाटतात. तो मिळणार हे कळल्यावर डोळ्यांत पाणी आलेला मी पाहिलेला हा एकच माणूस.

त्यांची माझी ओळख पोस्टाच्या काउंटरवर झाली. मी निपाणीहून बदली होऊन नुकतीच बेळगावात आले होते आणि रजिस्टरच्या खिडकीवर बसत होते. पांढरा सदरा, खिशाला तीन पेनं, बगलेत रेक्झिनची पिशवी अशा थाटात एक गृहस्थ आले आणि त्यांनी पाकीट पुढं सरकवलं. पत्ता कुठल्याशा सरकारी कचेरीचा आणि मराठीत. मी वजन केलं, पावती दिली. गृहस्थ हलेनात.

"पत्ता कानडीत लिहून आणा म्हणाला न्हाईत?"

"पोचतंय की, सर. पोस्टमन वाचतात."

"मी मास्तर हाय हे कुणी सांगितलं?"

"तीन पेनांनी."

महिन्याभरात मी खडेबाजारच्या मागच्या गल्लीत त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला गेले. पोस्टातली माणसं नोंद ठेवणारी असतात, म्हणून भाडेकरू म्हणून चालतात, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं म्हणे.

नोंद हे त्यांचं दैवत. आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस दिवसातून चार वेळा तरी म्हणायचा, "नोंद न्हाय, म्हणजे झालंच न्हाय." लाईट गेली की घरातले मेणबत्ती शोधत आणि सर पेन. आधी कॅलेंडरवर वेळ टिपायची, मग उजेडाचं बघायचं. त्यांच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या आक्कांचा, पाय न्हाणीत मुरगळला, तेव्हा मलमाच्या आधी डायरी आली. "डावा की उजवा?" असं ते विचारत होते आणि आक्का पाय धरून काय बोलत होत्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यांच्याकडं दोन कपाटं भरून फायली होत्या. एका कपाटावर चिठ्ठी होती, 'उत्तर आलं नाही.' दुसऱ्यावर, 'उत्तर आलं, पण कानडीत आलं.' कानडीतली उत्तरं ते 'भाषा समजली नाही' असा शेरा मारून परत पाठवत. हाच माणूस सकाळी कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी अशा काही कानडीत भांडायचा की शेवटी ती हात जोडायची. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भाजीवालीशी माझं काय वैर न्हाय. सरकारशी हाय."

आणि मग त्यांचे नऊ दिवस.

चाळीसेक वर्षांपूर्वी, नोकरीला लागून चार महिने झालेले असताना, सीमाप्रश्नाच्या आंदोलनात सरांना पकडलं आणि हिंडलग्याच्या जेलात नऊ दिवस ठेवलं. ही गोष्ट आमच्या गल्लीत ज्यानं ऐकली नसेल तो गल्लीत राहत नसावा. अकरा जणांची तुकडी होती. पोलिसानं नाव विचारलं आणि सरांनी छाती पुढं काढून सांगितलं. आमटीत डाळ शोधायला भिंग लागायचं. शाळेला कावीळ झाल्याचं कळवलं होतं, त्यामुळं सुटून आल्यावर सासुरवाडीहून आलेला काविळीचा काढा महिनाभर घ्यावा लागला. जेलातून येताना त्यांनी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक वाडगा पिशवीत घालून आणला होता. तो टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेला असे आणि गल्लीतलं मंडळ दरवर्षी सरांना शाल-नारळ देई तेव्हा तो चिंचेनं घासून निघत असे.

एक नोव्हेंबरला, म्हणजे सीमाभागातल्या काळ्या दिनाला, तर बघायलाच नको. पहाटे उठून दाढी, काळा सदरा, आणि दाराशी भरून ठेवलेली पिशवी. तीत टॉवेल, दंतमंजन आणि दोन कोरी पोस्टकार्डं. "आदल्या दिवसापासून जुन्या लोकांना उचलतात," ते सांगत. आक्का त्यांना लवकर पोहे करून देत. अकरा वाजत, कुणी उचलायला येत नसे, मग सर आपले आपण मिरवणुकीला जात. इतक्या वर्षांत पोलीस एकदाही का आले नाहीत, असं मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"मला बोलवायची त्यांची छाती न्हाय."

आक्का बेळगुंदीच्या. नवऱ्याच्या नोंदींच्या पसाऱ्यात त्यांनी संसार केला आणि एक मुलगी वाढवली. ती मुलगी लग्न होऊन न्यूझीलंडला गेली. तिला मुलगी झाली, ती तीन वर्षांची झाली, तरी आक्कांनी नातीला मोबाईलच्या काचेतूनच पाहिलं होतं. काचेवरच्या गालाला त्या बोट लावायच्या आणि फोन बंद व्हायचा. शेवटी लेकीनं आईवडिलांना कायमचं नेण्यासाठी अर्ज केला, बरीच वाट पाहिल्यावर तो पुढं सरकला आणि कागद मागवले गेले. त्यात हा पोलिसांचा दाखला. आक्कांचा अर्ज तासाभरात भरून झाला. सरांच्या अर्जाला आम्ही तीन रविवार बसलो.

माझा लॅपटॉप त्यांच्या जेवणाच्या टेबलावर होता. तुमच्याविरुद्ध कधी गुन्हा नोंदला गेला आहे का, असा प्रश्न आला.

"हो," सर म्हणाले. "सोबत पुरवणी जोड. चार पानं तयार हाईत."

"अहो, 'नाही' म्हणा की," आक्का म्हणाल्या. "नऊ दिवसांचं पुण्य किती वर्षं पुरवणार?"

"आणि सरकारी वाडग्याची चोरी. तेबी लिही."

लेक फोनवर होती. तिनं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, मग रडायला लागली. अर्ज एकत्र होता, एकाचा अडला की दोघांचा अडणार. सर बधले नाहीत. आयुष्यात केलेली एक गोष्ट सरकारच्या कागदावर नाकारायची, तीसुद्धा स्वतःच्या सहीनं, हे त्यांना जमेना. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी थोडा आदरही वाटत होता. अखेर संगणकानंच आम्हाला वाचवलं. 'हो' म्हटलं की तो गुन्ह्याचा नंबर आणि कलम मागायचा, आणि ते सरांकडं नव्हतं. मी 'नाही' वर टिचकी मारली. ती त्यांच्या विरोधाला न जुमानता मारली आहे अशी नोंद त्यांनी माझ्या सहीसकट घेतली.

"ठाण्यात चौकशीला बोलावतील तवा मी सांगणार," ते म्हणाले.

ठाण्याचा निरोप आला त्या दिवशी आक्का जिना चढून माझ्या खोलीत आल्या. गुडघ्यांमुळं त्या कधी वर येत नसत. "साक्षीदार म्हणून तू जाणारच हाईस. तेवढं त्यांचं तोंड धर गं," म्हणाल्या. "मला एकदा त्या पोरीला मांडीवर घिऊ दे. मग ह्यांना पायजे तर फाशी होऊ दे."

ठाण्यातला हेड कॉन्स्टेबल सरांचा विद्यार्थी निघाला. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, आमच्या सह्या घेतल्या आणि पाच मिनिटांत म्हणाला, "झालं सर. तुमच्या नावावर कायबी न्हाय. क्लिअर."

"नीट बघ."

"बघितलं की. सगळं कॉम्प्युटरवर हाय."

"कॉम्प्युटर काल आलाय. मी चाळीस वर्षांपूर्वी गेलतो."

मी टेबलाखालून सरांचा सदरा ओढत होते. सरांनी पिशवीतून वाडगा काढून टेबलावर ठेवला. कॉन्स्टेबलनं वाडग्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि खुर्ची जवळ घेतली.

"सर, तुम्ही मला दोनदा नापास केलासा. मी तुम्हाला एकदा पास करतोय. घ्या की गप."

सर गप बसले नाहीत. हे दप्तर अपुरं आहे, पोलीस खात्यानं त्यांच्यावर अन्याय केला आहे, आणि आपण गुन्हेगार असल्याची नोंद झाल्याशिवाय ते इथून उठणार नाहीत, असं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. बाहेर बाकावर बसलेले दोन खरे आरोपी आत डोकावून बघायला लागले. शेवटी कॉन्स्टेबल कंटाळून उठला आणि कपाटातून झेरॉक्स कागदांचा एक गठ्ठा घेऊन आला. आंदोलनातल्या जुन्या लोकांची ती यादी. मोर्चा असला, कुणी मंत्री येणार असला, की यातल्या लोकांना बोलावून 'शांतता राखीन' अशी सही घेतात.

"तुमची तुकडी कंची?"

सर एकेक नाव सांगत गेले आणि कॉन्स्टेबल बोट फिरवत गेला. नावं एकाखाली एक सापडली. बऱ्याच जणांपुढं फुली होती, म्हणजे ते वारले होते. दहा नावं झाली. अकरावं कॉन्स्टेबलनं मोठ्यानं वाचलं, वडिलांच्या नावासकट, राहणार बेळगुंदी.

ते आक्कांच्या धाकट्या भावाचं नाव होतं.

"ह्यांना मी वळखतो," कॉन्स्टेबल म्हणाला. "त्या गावाकडच्या ठाण्याला माझी चार वर्षं ड्युटी होती. लई शांत माणूस. बोलावलं की येणार, चहा पिणार, सही करून जाणार. एकदाबी उशीर न्हाय. तुमच्याबरोबर होते व्हय?"

सरांनी वाडगा उचलून पिशवीत घातला. पिशवीची चेन त्यांना लावता येईना, ती मी लावली.

"क्लिअर लिही," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर ते रस्त्याकडेच्या एका दुकानाच्या पायरीवर बसले. मी पाण्याची बाटली दिली, ती तशीच हातात राहिली. मग त्यांनी सांगितलं. गाडीत घालताना पोलिसानं नाव विचारलं. छाती पुढं काढली होती, ते खरं. पण नोकरी कच्ची होती, नाव कळलं तर ती जाणार होती, आणि घरात लग्न होऊन महिना झालेली बायको. खोटं नाव सांगायचं तर ते वडिलांच्या नावासकट आणि गावासकट पटकन सुचायला हवं. लग्नपत्रिकेत आपला विनीत म्हणून छापलेलं मेव्हण्याचं नाव तोंडात तयार होतं. तेच बाहेर पडलं.

"नऊ दिवसांत सुटलो. वाटलं, इसरले असतील. नोकरी कायम झाल्यावर गोष्ट सांगायला लागलो. नाव तेवढं गाळून. आता ती नोंद माझ्या नावावर व्हावी म्हणून अडून बसलो, त्याचं नाव अजून चालू असंल हे ध्यानातबी न्हवतं."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर त्यांनी हात वर केला.

"त्याच्या पुढच्या वर्षी तो फौजेच्या भरतीला गेलता. पळण्यात दुसरा आला. डॉक्टरी पास. पोलीस चौकशी झाली की पत्र येणार होतं. आलंच न्हाय. मी त्याच्या वतीनं तीन पत्रं लिहिली. 'उत्तर आलं नाही' ही फाईल मी त्याच्यासाठी काढली. पयलं पत्र त्याचंच हाय त्यात."

तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दोन कपाटांची सुरुवात कुठून झाली हे मला त्या पायरीवर कळलं, आणि इतकी वर्षं आपण त्यांना हसत होतो याची लाज वाटली.

त्या शनिवारी मेव्हणे आले. लेकीमुळं घरात सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायची. अर्धं पोतं रताळी खांद्यावर, ती स्वयंपाकघरात उतरवूनच ते बसायचे. सर वर्गात उभं राहावं तसे उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. भरतीचंही. मग खिशातून एक पत्र काढून वाचून दाखवलं. पोलीस खात्याला होतं. नाव मी खोटं सांगितलं, हा माणूस निर्दोष आहे, माझी नोंद माझ्या नावावर करावी, अशा अर्थाचं. सोमवारी मी ते रजिस्टर करायचं होतं.

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. "माझ्या भावाचं नाव?" एवढंच म्हणाल्या.

मामांनी हातातल्या टोपीची घडी घातली, उलगडली. "व्हय दाजी, पत्र त्यापायीच आलं न्हाय, हे नक्की?"

"नक्की कोण सांगणार? मला दुसरं कारण दिसत न्हाय."

मामा उठून परसात गेले. नळ बराच वेळ चालू होता. तोंड पुसत परत आले तेव्हा आक्कांनी विचारलं, "अरे, एवढी वर्षं पोलीस बोलावतात, तू का म्हणून विचारलं न्हाईस?"

"पोलिसाला कोण इचारतंय, आक्का? मला वाटलं, आपलं शेत रस्त्याला लागून. मंत्री त्याच रस्त्यानं जातोय. म्हशी आडव्या येऊ नयेत म्हणून सही घेत असतील."

मला हसू आवरेना आणि हसणं बरं दिसेना. पण मामा पुढं बोलले ते ऐकून सरही खाली बसले.

"दाजी, ते पत्र पाठवू नका."

दर खेपेला पोलिसांची जीप दाराशी येते हे गावानं पाहिलं होतं. हा गडी कुणी साधा नाही, आंदोलनातला जुना माणूस आहे, बोलून दाखवत नाही, असं गावानं ठरवून टाकलं. त्यांना देवळाच्या पंचांत घेतलं. भांडणं मिटवायला बोलावू लागले. पोरं जेलातली गोष्ट सांगा म्हणून मागं लागली.

"मग?" सरांनी विचारलं.

"मग सांगितली." मामांनी मान खाली घातली. "तुमचीच. दर दिवाळीला ऐकतोच की इथं. आमटी, भिंग, सगळं. वाडगा तेवढा न्हाय माझ्याकडं. इचारलं तर पोलिसांनी काढून घेतला म्हणतो."

  नोंद दुरुस्त केली नाही तर त्यांचे नऊ दिवस झालेच नव्हते, त्यांच्याच हिशोबानं. आणि दुरुस्त केली तर दाखला अडणार, आक्कांची नात काचेतच राहणार, आणि मामा गावात खोटे पडणार.

निकाल आक्कांनी दिला. त्या उठल्या, सरांच्या हातातून पत्र घेतलं आणि घडी करून म्हणाल्या, "तुमच्या भीतीपायी त्याचं जे जायचं ते गेलं. त्याला जे मिळालंय ते तरी काढून घिऊ नका."

सरांनी पत्र परत मागितलं. त्यासाठी त्यांनी नवी फाईल काढली आणि तिच्यावर चिठ्ठी लावली, 'पाठवलं नाही.' ती फाईल आता माझ्याकडं आहे. तिच्यात तो एकच कागद आहे.

दाखला आला. दोघं निघाले त्या दिवशी गल्ली निरोपाला जमली होती. मंडळानं शाल आणली होती. सरांनी ती घेतली नाही, प्रवासात ओझं होतं म्हणाले. गाडीत बसण्याआधी त्यांनी टीव्हीच्या वरचा वाडगा काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मामांच्या हातात दिला. 

गेल्या एक नोव्हेंबरला सकाळी मामा माझ्या काउंटरवर आले. सही करून आले होते. माझी चहाची सुट्टी झाल्यावर आम्ही पोस्टाच्या आवारात झाडाखाली उभे राहिलो आणि मी न्यूझीलंडला व्हिडिओ फोन लावला. तिकडं संध्याकाळ होती. सर काळ्या सदऱ्यात. आक्का मागं खुर्चीत, मांडीवर नात. "आज पहाटे उठून दाढी केली गं ह्यांनी," आक्का म्हणाल्या. "कोण उचलणार हाय इथं, कोण जाणे."

"सही केलीस?" सरांनी विचारलं.

"केली, दाजी. चहाबी झाला."

नात आजोबांच्या बाहीला ओढत होती. तिला काळ्या सदऱ्याचं कारण हवं होतं. आई म्हणाली होती, आजोबा जेलात गेले होते. खरं का?

 ही गोष्ट सांगायची संधी या माणसानं आयुष्यात कधी सोडली नव्हती.

"मी न्हाय, बाळ," सर म्हणाले. "हे बेळगुंदीचे आजोबा गेलते. नऊ दिवस. त्यांना विचार."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग फोन दोन्ही हातांत नीट धरला, घसा खाकरला आणि सुरुवात केली. तुकडीत अकराच्या जागी पंधरा जण झाले, आमटीत डाळीऐवजी खडे निघाले, आणि पोलिसाला त्यांनी चक्क उलटं उत्तर दिलं. चूक दिसली की मधेच थांबवणारे सर एकदाही बोलले नाहीत. पडद्यावर त्यांचा चेहरा अगदी जवळ आला होता.

पाचव्या दिवसापाशी मामा अडखळले, पुढचं आठवेना.

"मग?" सरांनी विचारलं. "पुढं काय झालं?"